रस चाखायचा नसतो

२० एप्रिल, सोमवार

कॉलेजने आज आम्हा पंचवीस जणांना सभागृहात बसवून आमच्या धारणा बदलायला घेतल्या. पाच दिवसांची कार्यशाळा, नाव ‘धारणा बदला, दिनक्रम बदला’. पंखे चार, फिरत होते दोन. शिकवायला मुंबईहून विनीत सर आलेत. वय तिशीचं, शर्टाला कडक इस्त्री, आणि सकाळी अकरापासून चारपर्यंत त्यांना घाम आला नाही. रत्नागिरीत एप्रिलमध्ये ज्याला घाम येत नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. ही माझी पहिली धारणा आणि ती बदलायचा माझा विचार नाही.

प्रत्येकाला ही वही दिली. कव्हरवर समुद्रातून उगवणारा सूर्य. आमच्या समुद्रात तो मावळतो, पण छापणाऱ्याला कोण सांगणार. चाळीस दिवस लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही, फक्त पानं भरलीत की नाही ते लांबून बघून प्रमाणपत्र देणार. मी ग्रंथपाल आहे. पुस्तक न वाचता परत आणून ‘छान होतं, मॅडम’ म्हणणारे लोक गेली सत्तावीस वर्षं माझ्यासमोर उभे राहताहेत. लांबून बघून काय कळतं ते मला ठाऊक आहे.

ऑफिसातली दर्शना पहिल्या रांगेत. ती सगळं टिपून घेत होती. सरांनी पाणी प्यायलं तेही टिपलं असेल.

दुपारी संदर्भ विभागात जाऊन आले. बावीस पायऱ्या. हल्ली तेराव्या पायरीवर थांबून तिथली सूचना वाचते. ‘जिन्यात थांबू नये.’ मीच लावलेली आहे.

२१ एप्रिल

गृहपाठ : आपल्याला मागे खेचणारी एक धारणा.

मी लिहिलं, ‘माझ्याशिवाय हे घर चालत नाही.’

सर म्हणाले ही धारणा आहे. मी म्हटलं ही माहिती आहे. सगळे हसले, ते हसले नाहीत. तुम्ही कधी तपासून बघितलंय का, असं त्यांनी विचारलं. तपासायला मी बाजूला व्हायला हवं, आणि मी बाजूला झाले तर तपासण्यापुरतं तरी घर उरायला हवं.

घर म्हणजे काय ते लिहून ठेवते. नवरा, महेंद्र. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. दिवसाला दीडशे गाड्या सोडतो, पण स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठल्या फलाटावर लागतो ते त्याला माहीत नाही. (तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणते, वहीत ‘तो’. वहीचा पहिला फायदा.) सासूबाई, सीता, वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेले, कान आणि जीभ शाबूत. मुलगी उत्पला कोल्हापूरला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, आणि तिथून फोनवर आम्हाला चालवते.

सासूबाईंनी विचारलं, “काय गो, त्या वहीत माजा नाव हाय काय?”

मी म्हटलं, धारणा बदलायचा अभ्यास आहे. कितीला, विचारलं. चाळीस दिवस म्हटल्यावर त्या हसायला लागल्या. त्यांच्या वडिलांनी, दत्तारामांनी, छप्पन साली, बौद्ध धम्म घेतल्यावर, एका सकाळी गावातल्या घरचे सगळे देव टोपलीत घालून नदीवर नेले. आठ वर्षांच्या सासूबाई टोपलीमागून चालत होत्या. परत आल्यावर कोनाडा रिकामा बघून त्यांची आई दुपारपर्यंत रडली. तिसऱ्या प्रहरी तिने डोळे पुसले, कोनाडा सारवला आणि तिथे मिठाची बरणी ठेवली. “जागा वाया कशाला घालवायची,” म्हणाली म्हणे.

पिढ्यान् पिढ्यांच्या धारणा एका दिवसात. आणि मला उगवत्या सूर्याची वही लागते.

२३ एप्रिल

खरं लिहायचं ठरलंय, तर लिहिते. फेब्रुवारीत सोनोग्राफी झाली. गर्भाशयात तीन गाठी, एक संत्र्याएवढी. डॉक्टर लोकांना फळांशिवाय मापच माहीत नाही. हिमोग्लोबिन सात पॉइंट चार. गर्भाशय काढावं लागेल, थांबण्यात अर्थ नाही, असं सांगितलं. मी थांबले.

उत्पलाने कोल्हापूरच्या डॉक्टरांची १९ मे तारीख घेऊन ठेवली आहे. दोन दिवस आधी दाखल होऊन रक्त चढवायचं, मग ऑपरेशन, मग सहा आठवडे काही उचलायचं नाही. मे महिन्यात! आमसुलं, आगळ, फणसाची साठं, मसाला, कुळथाचं पीठ, सगळी पावसाची बेगमी मे महिन्यात होते. गर्भाशयाला हे कळायला हवं होतं.

मी फोनवर म्हटलं, वर्षावास संपला की बघू. म्हणजे सरळ ऑक्टोबर.

ती म्हणाली, “आई, वर्षावास भिक्खूंचा असतो. तुझ्या गाठी वाट बघत विहारात बसणार नाहीत.”

जीभ माझीच आहे, तिच्या तोंडात गेली आहे. फोन महेंद्रकडे दिला. तो नुसता ‘हूं, हूं’ करत होता.

माझी आई चिपळूणच्या दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेली होती. असो. त्याचा इथे संबंध नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

कार्यशाळा संपली, सरांना शाल-नारळ दिला. घाम शालीनेही आला नाही. जाताना शेवटचा गृहपाठ देऊन गेले. जे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणारच नाही अशी तुमची खात्री आहे, ते पूर्णपणे दुसऱ्याकडे द्या. पंधरा दिवस. हात लावायचा नाही, सूचना द्यायची नाही, तोंड वाकडं करायचं नाही. शेवटची अट त्यांनी माझ्याकडे बघून घातली.

बाजार देता आला असता. नळाचं पाणी भरणं देता आलं असतं. मी आमसुलं दिली. मुद्दाम कठीण दिलं असं कुणी म्हणेल. प्रयोग करायचा तर सोप्या गोष्टीवर करून काय सिद्ध होणार?

महेंद्र लगेच हो म्हणाला. इतक्या पटकन की मला संशय आला. मग चष्मा पुसत म्हणाला, “आमसुलं नीट झाली तर एकोणीस तारखेला कोल्हापूर. ठरलं?”

मी म्हटलं, “नीट होऊ देत आधी.”

“ठरलं का, ते सांग.”

“ठरलं.”

सासूबाईंनी ऐकलं. साक्षीदार झाल्या.

२६ एप्रिल

आज महेंद्रने आईसमोर बसून आमसुलांची कृती उतरवून घेतली. रातांबे फोडायचे, गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, त्यांचा रस काढून त्यात मीठ घालायचं. सालं उन्हात वाळवायची, संध्याकाळी रसात बुडवायची, सकाळी परत उन्हात. असं रोज. प्रत्येक बुडवणीला पुट म्हणतात. सहा पुटं हवीत. तो प्रत्येक वाक्याला वेळ विचारत होता. संध्याकाळी म्हणजे किती वाजता? सकाळी म्हणजे सव्वासात की साडेसात?

आणि सासूबाईंचा जुना नियम, जो त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या मेमध्ये सांगितला होता : पुटं चालू असताना रस चाखायचा नाही. वर्षभराचं जिन्नस उष्टं होतं. मीठ डोळ्यांनी ओळखायचं. सव्वीस वर्षांत मी एकदाही चाखला नाही. पंचवीस वर्षं आमसुलं बिघडली नाहीत, एकदा बिघडली ती पावसामुळे.

१ मे

यंदा बुद्धपौर्णिमा आणि महाराष्ट्र दिन एकाच दिवशी. एक सुट्टी बुडाली, सरकारचं काय गेलं. सकाळी झेंडावंदन, तिथून घामाघूम विहारात वंदना, घरी येऊन खीर. खीर ढवळताना ओट्याला धरून उभी राहिले. महेंद्रने मागून येऊन डाव काढून घेतला. मी म्हटलं तळाला लागेल. नाही लागली. दूध चांगलं होतं.

संध्याकाळी लांज्याहून रातांब्यांच्या दोन करंड्या एसटीने आल्या. गावी चुलतदीर झाडं बघतात. महेंद्रने करंड्या उतरवून घेतल्या आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. वेळापत्रक. पहिलं पुट, दुसरं पुट, सुटण्याची वेळ, लागण्याची वेळ, शेरा. मी हसू दाबलं. तोंड वाकडं करायचं नाही.

३ मे, रविवार

काल त्याने एकट्याने दोन करंड्या फोडल्या. बनियन जांभळं झालं, ते आता पुसायला. बोटं अशी की स्टँडवर कंडक्टर विचारणार, साहेब, मतदान कधी झालं?

आज सकाळी सहाला मला जाग आली तेव्हा तो गच्चीवर होता. मी वर गेले नाही. सूचना द्यायची नाही. पण जिन्याच्या खिडकीतून पातेलं दिसतं. ते मी बघितलं, खिडकीतून बघायला मनाई नव्हती. साडेआठला तो आंघोळीला गेला. रस फिका दिसत होता, मीठ पडलेल्या रसाला येते ती चमक नव्हती. मिठाची बरणी जागच्या जागी, झाकण घट्ट. याने मीठ घातलंच नाही, मला शंभर टक्के खात्री. वेळापत्रकात शेरा लिहील, मीठ विसरेल, हा माणूस मला सव्वीस वर्षं माहीत आहे.

सांगितलं तर सूचना होते. म्हणून सांगितलं नाही. वर जाऊन मोठ्या दोन मुठी टाकून ढवळलं आणि खाली आले. जिना उतरताना छाती धडधडत होती. ती चोरीची नाही, रक्ताची.

ही मदत आहे. मदतीबद्दल विनीत सर काही बोलले नव्हते.

५ मे

परत टाकलं. एवढ्या रसाला दोन मुठी पुरणार नाहीत असं दिवसभर पुस्तकं मोजताना वाटत होतं. सुट्टीत बाकीचे गावी जातात, आम्ही पुस्तकं मोजतो. एकूण सत्तेचाळीस हजार. मोजताना डोक्यात मीठ.

महेंद्र रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पुट देतो. दुसऱ्या पाळीची ड्युटी त्याने बदलून घेतली. शीळ घालत असतो. हा माणूस शीळ घालतो हे मी विसरले होते.

सासूबाई दोनदा गच्चीवर गेल्या. त्या गुडघ्यांनी! ऊन खायला म्हणे. मे महिन्यात.

८ मे

तेराव्या पायरीवरची सूचना वाचता वाचता खाली बसले आणि मग पायरी कुठे, सूचना कुठे ते कळेना. दर्शनाने पाणी मारलं, रिक्षातून घरी सोडलं. वाटेत तिने मला सकारात्मक वाक्यं म्हणायला लावली. मी निरोगी आहे, मी निरोगी आहे. रिक्षावाला आरशातून बघत होता. तिला शपथ घातली, घरी बोलायचं नाही. ती म्हणाली हे धारणेच्या विरुद्ध आहे. मी म्हटलं, पुढच्या वर्षी तुझी रजेची फाइल माझ्या नवऱ्याच्या मेहुण्याकडे जाणार आहे. असा मेहुणा नाही. गप्प बसली.

१० मे, रविवार

झाली आमसुलं.

महेंद्रने रात्रीच भिजत घातली होती. दुपारी सोलकढी त्यानेच केली, नारळाचं दूध स्वतः काढलं. चार पेले भरले. चौथा कुणाचा म्हणून विचारलं, तर म्हणाला फोटोसाठी, उत्पलाला पाठवायला.

पहिला घोट मी घेतला. समुद्राचं पाणी यापेक्षा गोड असेल. सासूबाईंनी पेला ओठाला लावला आणि खाली ठेवला. एरवी भात अर्धा दाणा कच्चा राहिला तर तिसऱ्या घरी ऐकू जाईल इतकं बोलणारी बाई, आज एक शब्द नाही. डोळे ताटात.

महेंद्रने पूर्ण पेला प्यायला. मग फोटोचाही प्यायला. म्हणाला, “जास्त झालं मीठ.”

आमसुलं ताटात पसरून बघितली. वाळल्यावर मिठाची पांढरी बुरशी धरावी तशी दिसत होती. वर्षभराची दोन करंड्या आमसुलं.

तिसऱ्या प्रहरी त्याने उत्पलाला फोन लावला. मी दाराआड नव्हते, दाराजवळ होते. तो म्हणाला, “तारीख पुढे घे. इथलं आम्हाला झेपणार नाही, तिच्याशिवाय साधी आमसुलं होत नाहीत.” पलीकडून ती बरंच बोलली. तो ‘हूं’सुद्धा म्हणाला नाही.

म्हणजे मी जिंकले. माझी माहिती बरोबर होती, धारणा नव्हती. आता ऑक्टोबर.

जिंकल्याबद्दल लिहायला आणखी दोन ओळी सोडल्या होत्या. काही सुचत नाही.

११ मे

सकाळी चहा-साखरेसाठी कपाट उघडलं, तर दारावर वेळापत्रक. दहा दिवस रोज बघत होते. आज वाचलं.

‘३ मे. स. ६.४०. मीठ सव्वा किलो. नवीन पुडा फोडला. काट्यावर मोजून. शेरा : पूर्ण विरघळले.’

नवीन पुडा. म्हणून बरणीचं झाकण घट्ट.

सव्वीस वर्षं मी त्या रसात मुठीने मीठ घालते. आज माझीच मूठ काट्यावर घालून बघितली, दोन करंड्यांना किती मुठी लागतात तो हिशोब केला. सव्वा किलो होतं. त्याने दुकानदाराला विचारलं नाही, पुस्तकात बघितलं नाही, माझ्या मुठी कधीतरी मोजून ठेवल्या असणार.

सत्तेचाळीस हजार पुस्तकांची राखणदार, आणि घरातला एक कागद वाचला नाही.

१२ मे

सांगायचं कशाला? आमसुलं काही परत अळणी होणार नाहीत. गोष्ट संपली. त्याला थोडं वाईट वाटलं, जाईल. पुरुषांना वाईट वाटतं आणि जातं.

ही आणखी एक माहिती. की धारणा, देव जाणे. देव नाहीत, ते छप्पन साली नदीत गेले. म्हणजे मीच जाणे.

१३ मे

वैताग आलाय. महेंद्र आज चहासाठी पाणी ठेवायला गेला आणि हाक मारून विचारलं, किती कप पाणी ठेवू? तीन माणसांना! मग विचारलं, दिवा मालवू का? मग, दुधाची पिशवी कात्रीने कापू की सुरीने? दीडशे गाड्या वेळेवर सोडणारा माणूस माझ्या तोंडाकडे बघत पिशवी धरून उभा. सगळी कामं माझ्याकडे परत आली, हेच मला हवं होतं, आणि कुणाला तरी झोडावंसं वाटतंय.

तो ड्युटीवर गेल्यावर सासूबाईंवर घसरले. म्हटलं, तुमच्या मुलाला झालंय काय?

त्या पाय चोळत म्हणाल्या, “महिनाभर तो माज्याकडं शिकत व्हता. तू कालेजात गेलीस की. वरण, भात, नाचणीची भाकरी. पेज. तू दवाखान्यातनं आल्यावर तुला घालायची म्हून. सा आठवडे रजा पन टाकलान. आता म्हनतो, आये, माज्या हातनं मीठ पन नाय जमत, पेज काय जमनार. रजा मागं घेतलान काल.”

भाकऱ्या हल्ली कडेला जाड होतात म्हणून मी महिनाभर सासूबाईंना टोमणे मारत होते. त्या गप्प ऐकून घेत होत्या. दोघांनी मिळून.

१४ मे

उत्पलाचा फोन, थेट माझ्या मोबाइलवर, थेट मुद्द्यावर. १९ तारीख अजून सोडलेली नाही. उद्या दुपारी बारापर्यंत कळवलं नाही तर दुसऱ्या पेशंटला देणार, मग जुलैच्या शेवटपर्यंत जागा नाही. आणि दर्शनाताईंनी मला सगळं सांगितलंय, म्हणाली. मेहुण्याची धमकी फार टिकली नाही.

“परत चक्कर येऊन पडलीस तर रत्नागिरीतच तातडीने उघडावं लागेल,” ती म्हणाली. “तेव्हा कुठली आमसुलं ते विचार मला.” आणि मग तिचा आवाज लहान झाला. “बाबा रडत होते गं त्या दिवशी फोनवर. तू काय केलंस त्यांना?”

मी म्हटलं मी काही केलं नाही.

वहीत खोटं लिहून चालत नाही, म्हणून इथे लिहिते : केलं.

१५ मे, शुक्रवार

सकाळी सात. तिघं चहाला बसलो होतो. चहा मी केला होता, कारण तो करत नाही. बोलायचं कसं याची चार वाक्यं तयार केली होती, चारही विनोदी. एकही आठवलं नाही.

म्हटलं, “मीठ मी टाकलं. तुम्ही घातल्यावर. दोनदा.”

महेंद्रने कप खाली ठेवला. “कधी?”

“तीनला आणि पाचला.”

“कागदावर लिहिलं होतं की.”

“वाचलं नाही.”

तेवढ्यात सासूबाईंनी घसा साफ केला. “मी पन टाकलं व्हतं. एक मूठ. तुजा हात बापासारखा हलका, मना वाटलं नाय पुरायचं.”

एकाच फलाटावर दोन गाड्या लागल्यावर तो जसा बघत असेल तसा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडण्याला उत्तर देता येतं.

“म्हणजे माझं बरोबर होतं?” त्याने विचारलं.

“बरोबर होतं.”

“सव्वा किलो?”

“सव्वा किलोच लागतं.”

तो उठून खिडकीशी गेला. पाठ करून म्हणाला, “पाच दिवस मी हा विचार करतोय की तुला घरी आणल्यावर मी काय खायला घालणार.” मग वळला. “अजून कशाकशात टाकतेस माझ्यामागून?”

मी सांगायला सुरुवात केली. आमटीत. तुम्ही लावलेल्या कुलपाला परत ओढून बघते. तुम्ही भरलेला फॉर्म परत भरते. तुम्ही उत्पलाला फोन केला की नंतर मी करते. यादी बरीच होती.

पाचवं सांगायच्या आत त्याने फोन उचलला, उत्पलाला लावला. “तारीख ठेव. आईला घेऊन येतो.” मला विचारलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा न विचारता. मी तोंड उघडलं, सासूबाईंनी माझ्या मांडीवर हात दाबला आणि मी तोंड मिटलं.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, मला भीती वाटते. आई चालत गेली होती आणि आम्ही तिला...

“माहीत आहे,” तो म्हणाला. “रजा परत टाकतो.” आणि चप्पल घालून निघाला. राग गेलेला नव्हता. पायरीवर थांबून म्हणाला, “संध्याकाळचा भात मी लावीन. स्वयंपाकघरात यायचं नाही. दोघींनी पण.”

सासूबाई म्हणाल्या, “बाप असाच व्हता,” आणि खूश दिसल्या.

१६ मे

भात मोकळा झाला होता. आमटी अळणी होती. त्याने ताटात मीठ वाढून ठेवलं होतं आणि बघत होता. आम्ही दोघींनी हात लावला नाही. मग त्यानेच घेतलं.

१९ मे, मंगळवार. कोल्हापूर

दोन दिवसांत दोन बाटल्या रक्त चढलं. गट सोडून कुणाचं ते काही सांगत नाहीत. कुणीतरी कोल्हापूरकर असणार, कारण कालपासून मला मोठ्याने बोलावंसं वाटतंय. सासूबाईंच्या सोबतीला दर्शना राहायला गेली आहे. घरात काय चाललंय ते विचारायला सकाळी फोन हातात घेतला, आणि उत्पलाने तो काढून घेतला. सहा आठवडे तो तिच्याकडेच राहणार असं दिसतंय.

महेंद्र बाहेर बाकावर बसलाय. रात्री तिथेच होता. रागाचं काय झालं विचारलं नाही. पेज करून डब्यात आणणार म्हणाला, उत्पला तर हॉस्टेलवर राहते, कुणाची शेगडी, कुणाचं पातेलं, देव न जाणे. त्याच्या बनियनवर अजून जांभळे डाग आहेत.

भूल देणारे डॉक्टर आत्ता येऊन गेले. चांगला माणूस, कपाळावर घाम. किती वेळ लागेल, कुठून टोचतील, सगळं सांगितलं. मी विचारलं, यात माझं काम काय? म्हणाले, काही नाही. मी म्हटलं, म्हणजे मला काय करायला लागेल? म्हणाले, तुम्हाला काहीच करायचं नाही, मावशी, सगळं आम्ही करणार.

मावशी! एकोणपन्नास वर्षांची बाई, सत्तावीस वर्षं नोकरी, आणि हे पोरगं तोंडावर सांगतंय की तुमचं इथे काही काम नाही.

भयंकर राग आला. सिस्टर म्हणते रडू नका. मी तिला सांगितलं, हे रागाचं आहे. ती म्हणाली, बरं.